डॉक्टरांचे शटर खाली, मग रात्री जायचे कुठे?

मलकापूरच्या नळाला चोवीस तास पाणी येते. कराडला खेटून असलेल्या या गावाची ही पाणी योजना देशभर गाजली. पण याच गावात रात्री साडेअकराला लेकराला झटके आले, घरातल्या कर्त्या माणसाच्या छातीत कळ आली, किंवा अंधारात पायाला काहीतरी चावून गेले, तर कुठल्या दारात जायचे? आम्ही हा प्रश्न आगाशिवनगरपासून ढेबेवाडी फाट्यापर्यंत आपल्या अनेक घरांत विचारला. बहुतेकांचे पहिले उत्तर एकच होते : "आपल्या डॉक्टरकडं."

आपला डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचा नेहमीचा. पन्नास-शंभर रुपयांत तपासणारा, उधारी ठेवणारा, घरातल्या सगळ्यांना नावाने ओळखणारा. दिवसा तो खरोखर आपलाच असतो. पण रात्री नऊ-दहाला त्याचे शटर खाली येते. मग काय होते, ते एका आक्कांनी आम्हाला सांगितले. "शटर वाजवून वाजवून हात दुखलं, पर वरनं कोन उठलं न्हाई. मग दुसऱ्याकडं गेलो, त्येबी बंद. मग मेडिकलवाल्याला उठवलं, त्यानं दोन गोळ्या दिल्या. सकाळ व्हायची वाट बघितली." आक्कांचे नशीब बरे, म्हणून दुखणे सकाळपर्यंत थांबले. सगळीच दुखणी थांबत नाहीत.

यात डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. दिवसभर शंभर माणसे तपासणाऱ्या माणसाने रात्री झोपायचे नाही काय? एकट्याचा दवाखाना रात्री बंद असणे हा काही गुन्हा नव्हे. चूक वेगळीच आहे. बंद दारापुढे आपण अर्धा तास, तास घालवतो आणि जे दार कायद्याने रात्रभर उघडे असायला हवे, तिकडे पाऊल वळत नाही.

मलकापुरात राहणाऱ्याला हे दार लांब नाही. कृष्णा हॉस्पिटल गावातच आहे. १९८४ साली इथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हापासून सातारा-सांगलीचे पेशंट इथे येतात. कोयनेचा पूल ओलांडला की कराडात सरकारचे सौ. वेणुताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे. मोठ्या दवाखान्याचे दिवे घराच्या दारातून दिसतात आणि आपला माणूस मात्र शटर वाजवत बसतो. असे का, हे आम्ही खोदून विचारले. तेव्हा एक तरुण भाऊ स्पष्ट बोलला : "तिथं आधी पैसे भरा म्हणत्यात. खिशात दोनशे रुपये असताना त्या काउंटरवर उभं राहायचं कसं?" दुसरी भीती पोलिसांची. अपघात, भाजणे, विष असे काही असले की आधी पोलीस चौकी, मग दवाखाना, अशी आपल्या लोकांची ठाम समजूत आहे. तिसरी भीती कोणी उघड बोलत नाही. कपडे, बोली आणि पत्ता पाहून आपल्याला बाजूला बसवतील, ही ती भीती. पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभे राहिलेल्यांना ती वाटली तर नवल नाही. पण तिच्यापायी आज जीव जाऊ द्यायचा का?

म्हणून कायदा काय म्हणतो ते आधी नीट समजून घेऊ. दोन निकाल प्रत्येक घरात माहीत असले पाहिजेत, असे आम्हाला वाटते.

पहिला १९८९ चा, परमानंद कटारा यांच्या याचिकेवरचा. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. रस्त्यावरच्या एका भल्या माणसाने त्याला जवळच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की पोलीस केस आम्ही घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात न्या. तिथे पोहोचण्याआधीच तो वारला. यावर सर्वोच्च न्यायालयाने बजावले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे, आणि पोलिसांचे सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. आधी उपचार, मग कागद. पोलिसांना कळवायचे काम दवाखान्याचे असते, पेशंटच्या नातलगाने आधी चौकीत पळायची गरज नाही.

दुसरा निकाल आपल्यासारख्याच एका कष्टकऱ्याच्या नावाने उभा आहे. बंगालमधील हकीम शेख हे शेतमजुरांच्या संघटनेचे सभासद होते. ८ जुलै १९९२ च्या संध्याकाळी ते मथुरापूर स्टेशनवर रेल्वेतून पडले आणि डोक्याला जबर मार लागला. आरोग्य केंद्रातून कलकत्त्याला पाठवले. तिथे एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही असे सांगून पुढे ढकलले. शेवटी खासगी रुग्णालयात नेऊन सुमारे १७ हजार रुपये खर्चावे लागले. संघटना गप्प बसली नाही. ती थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला की गरजेच्या वेळी सरकारी रुग्णालयाने उपचार नाकारणे म्हणजे राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. हकीम शेख यांना २५ हजार रुपये भरपाई मिळाली. बाबासाहेबांनी घडवलेल्या घटनेतले हे कलम कोर्टात बसलेल्या वकिलांसाठीच नाही. रात्री बारा वाजता कॅज्युअल्टीच्या दारात लेकरू घेऊन उभ्या राहिलेल्या आईसाठीही ते आहे.

आता पैशांचे. सरकारच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसुद्धा फुकट आहे. तपासणी, उपचार, दाखल होणे, कशाचेच शुल्क नाही. ही गोष्ट अजून कितीतरी घरांत पोहोचलेली नाही. तेव्हा खिशात दोनशे रुपये असोत की नसोत, कराडच्या सरकारी रुग्णालयाच्या दारात जायला अडचण नाही.

धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट थोडी निराळी आहे. ट्रस्टने चालवलेल्या, धर्मादाय म्हणून नोंद झालेल्या आणि त्यासाठी सवलती घेणाऱ्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली एक योजना लावून दिली. त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. निर्धन म्हणजे ज्यांचे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत आहे ते, आणि दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांच्या आत असलेले. पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड चालते. आणि मुख्य म्हणजे, तातडीच्या वेळी अशा रुग्णालयाने पेशंट ताबडतोब दाखल करून धोका टळेपर्यंत जीव वाचवणारे उपचार दिलेच पाहिजेत, गरिबाकडून अनामत मागता कामा नये. २०२५ च्या मार्चमध्ये पुण्यात एका गरोदर बाईच्या घरच्यांकडून दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, पुढे ती बाई दगावली आणि राज्यभर संताप उसळला. त्यानंतर हा नियम पुन्हा बजावण्यात आला. नियम तर आधीपासून होता. तो त्या रात्री काउंटरवर कोणी उच्चारला नाही, म्हणून आम्ही तो इथे इतका लांबण लावून सांगत आहोत.

मात्र एक गैरसमज नको. कुठल्याही दारात गेले की सगळे ऑपरेशन फुकट होते, असे नाही. खासगी दवाखान्यावर कायद्याचे बंधन आहे ते जीव वाचवण्याइतपत उपचार देण्याचे आणि पेशंट हलवण्याजोगा करून पुढे पाठवण्याचे. पुढच्या मोठ्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली. २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार तिच्यातून मिळतात, ठरवून दिलेल्या आजारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांत. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. पोहोचल्याबरोबर त्याला गाठायचे. कागद घरी राहिले म्हणून तातडीचा पेशंट परत न्यायचा नसतो. फोनवरून नोंद करून उपचार सुरू होतात आणि कागद नंतर देता येतात. या योजनेचा फोन १५५३८८.

काउंटरवर भांडायला जाऊ नये. आवाज चढवला की आपलेच काम लांबते. शांतपणे म्हणावे : "साहेब, आधी पेशंट बघा, नाव-गाव मागून लिहून घ्या." तरी नकार मिळालाच तर म्हणावे : "घेत नाही असे लिहून द्या, वेळ टाका, सही करा." हे एक वाक्य किती कामाचे आहे, हे वापरलेल्यालाच कळते. नकार तोंडी देणारे पुष्कळ असतात, लिहून देणारा सहसा सापडत नाही.

न्यायचे कसे, हा पुढचा प्रश्न. राज्यात १०८ नंबरची रुग्णवाहिका २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. ती फुकट आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. फोन करणाराच्या तोंडून घाबरून पत्ता नीट निघत नाही, ही मोठी अडचण. आपल्या वस्त्यांत गल्लीला नाव नसते, घराला नंबर नसतो. "आमच्या घरापाशी या" म्हणून काय कळणार? म्हणून आधी जवळची ठळक खूण सांगायची : विहार, शाळा, पाण्याची टाकी, महामार्गावरून कुठल्या बाजूला वळायचे. मग पेशंटला काय होते आहे ते, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. फोन आपण आधी ठेवायचा नाही. आणि एका पोराला बॅटरी घेऊन रस्त्यावर उभे करायचे. गरोदर बाई किंवा वर्षाच्या आतले बाळ असेल तर १०२ नंबर. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात नेणे, बाळंतपण, सिझेरियन, रक्त, जेवण आणि घरी आणून सोडणे, सगळे विनामूल्य आहे. बाळंतपण अडले तर दोन्हीपैकी जो नंबर लागेल तो लावावा, नियम बघत बसू नये.

गाडीला उशीर होणार असे दिसले तर मिळेल त्या वाहनाने निघावे. रिक्षा, टेम्पो, दुधाची गाडी, काहीही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेतले आणि यशवंतच्या दवाखान्यात पोहोचवले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावची ही लेक. आज शेजाऱ्याची मोटारसायकल अंगणात उभी असताना रात्री किल्ली मागायला आपण लाजतो! अपघातातल्या परक्या माणसाला नेतानाही आता भिऊ नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४ अ आले. त्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगायची किंवा दवाखान्यात थांबायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

आता कुठले दुखणे सकाळपर्यंत ठेवायचे नाही? कराड भागात उसाची शेती, पाणंदी, दगडी भिंती. त्यामुळे सापाविषयी थोडे सविस्तर. नाग, घोणस, फुरसे, मण्यार हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. त्यांतला मण्यार फार फसवा. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावतो, दुखत नाही, सुजत नाही, दातांच्या खुणाही कधी दिसत नाहीत. माणूस उठून पोटात दुखते म्हणतो, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही. घरचे समजतात, अपचन झाले. इथेच घात होतो. संशय आला की निघायचे. जखम कापायची नाही, तोंडाने ओढायची नाही, दोरी आवळायची नाही. पाय किंवा हात काठीला सैल बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचे नाही. साप मारण्यात वेळ दवडायचा नाही. सर्पदंशाची लस सरकारी रुग्णालयात मोफत असते, आणि विष उतरवणारे दुसरे काहीही जगात नाही.

देवऋष्याकडे एक फेरी मारून मग दवाखाना, हा प्रकार अजून संपलेला नाही. आम्हाला खंत वाटते ती याची की बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही घाबरल्यावर कोणी तरी "एकदा दाखवून तर बघू" म्हणतोच. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्यांनी अठरा वर्षे त्या कायद्यासाठी खस्ता खाल्ल्या, ते डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच होते आणि शिक्षणाने डॉक्टर. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर हा कायदा आला.

विंचवाचे म्हणाल तर महाडची हकीकत सांगण्यासारखी आहे. महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते. त्याच महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर आले. लाल विंचवाने धडधाकट पोरे दगावत होती. डॉक्टर रात्र-रात्र पेशंटच्या उशाशी बसून बारकाईने नोंदी ठेवत गेले. विष हृदयावर कसे चढते ते त्यांनी ओळखले आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी लागू पडते हे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलाला विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, धाप दिसली तर एक मिनिटही थांबू नये.

छातीत दाब येणे, घाम सुटणे, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे याला "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पाजत बसू नये. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोली तुटली तर घड्याळ बघून ठेवावे. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून अशा पेशंटला स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच न्यावे. पोराला तापात झटका आला तर कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, चप्पल-कांदा हुंगवत बसू नये. कुत्रे चावले तर आधी पंधरा मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम धुवावी, मग इंजेक्शनला जावे. हळद-चुना नको. कोणी कीटकनाशक प्यायले तर बाटली बरोबर न्यावी आणि डॉक्टरपासून काही लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न मानता आधाराची गरज असलेला मानले आहे.

आणि एक गोष्ट घरातल्या पुरुषमंडळींसाठी. आम्ही ज्या ज्या माय-बहिणींशी बोललो, त्यांतल्या बऱ्याच जणींनी सांगितले की रात्री पोराला नेले, सासऱ्यांना नेले, पण स्वतःला कधी नेले नाही. "आपलं काय, सकाळी बघू." रक्तस्राव होत असतानाही सकाळची वाट बघितलेली एक वहिनी आम्हाला भेटली. बाळंतीण असो की गरोदर, अंगावरून जास्त जाणे, डोळ्यापुढे अंधारी, असह्य डोकेदुखी, अंगावर सूज, यांतले काहीही असले तर तिने "राहू द्या" म्हटले तरी राहू द्यायचे नाही.

हे सगळे त्या रात्री आठवत नसते. ते दिवसा ठरवून ठेवावे लागते. रेशनकार्ड, आधारकार्ड, जुने केसपेपर, चालू गोळ्यांच्या पाकिटांचे तुकडे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती खुंटीला टांगलेली असावी. जयंतीच्या मंडपवाल्याचा, बँडवाल्याचा नंबर मंडळाच्या प्रत्येक पोराला पाठ असतो. रात्री गाडी काढणाऱ्या तिघांची नावे मात्र कोणाला सांगता येत नाहीत. विहाराच्या फळ्यावर १०८, १०२, पोलिसांचा ११२, आशाताईचा नंबर आणि ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांची नावे ऑइलपेंटने लिहायला एका रविवारचे काम आहे. वंदनेला येणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींनाही दिसतील एवढी मोठी अक्षरे हवीत.

सरकारी रुग्णालयात नकार मिळाला तर तक्रार साताऱ्याला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करावी. धर्मादाय रुग्णालयाविरुद्ध तक्रार असेल तर तेथील धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करावी. खासगी दवाखान्यांना २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. दिवसा कधी औषधाला, भेटायला गेलात तर ती भिंतीवर आहे का ते बघून या, आणि नसेल तर विचारा. तक्रारीत तारीख, वेळ, कोणत्या काउंटरवर कोण काय म्हणाले आणि बरोबर कोण होते, एवढे लिहिले तरी पुरे. साध्या वहीच्या कागदावर लिहा, एक प्रत पोच घेऊन आपल्याजवळ ठेवा. लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या कॉलेजच्या पोरीला सांगा. ती लिहून देईल.